तेराशे माणसांची नगरसेविका

"कुणाला भेटायचंय?" काचेपलीकडच्या पहारेकऱ्याने विचारलं.

"सगळ्यांना," मी म्हटलं.

त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा माझ्या हातातल्या डब्याकडे. बाहेर नोव्हेंबरचा वारा नुसता कापत होता. मी साडीवर जाड कोट चढवलेला, पायात बर्फातले बूट आणि कपाळावर कुंकू. असं ध्यान त्या तुरुंगाच्या दारात त्याआधी कुणी पाहिलं नसणार.

"सगळ्यांना म्हणजे?"

"म्हणजे आत जितके आहेत तितक्यांना. एकेकाला भेटता येत नसेल तर एकत्र बोलवा. दोन मिनिटं बोलेन, पेढा देईन आणि जाईन. मी ह्या वॉर्डाची नवी नगरसेविका."

"मॅम," तो अगदी हळू, समजुतीच्या आवाजात म्हणाला, "आतल्या कुणालाही मताचा अधिकार नाही. त्यांनी तुम्हाला मत दिलेलं नाही."

"ते ठाऊक आहे मला. म्हणून तर आधी इथे आले."

हे त्याला कळणं शक्यच नव्हतं. आमचे अण्णा वाईला तीनदा नगरसेवक झाले. निकाल लागला की गुलाल धुऊन टाकायचे, स्वच्छ सदरा घालायचे आणि ज्यांनी मत दिलं नाही त्यांच्या दारात आधी जायचे. आपली माणसं कुठे पळून जात नाहीत, त्यांच्याकडे उद्या गेलं तरी चालतं, असं म्हणायचे. आईने केलेले पेढे हातात, आणि मागून फ्रॉक सावरत मी. कुणी दार लावून घ्यायचं, कुणी तोंडावर शिव्या घालायचं. अण्णा तिथेच पायरीवर पेढा ठेवून यायचे. नगरसेवक झाल्यावर पहिलं काय करायचं असतं, तर हे. मला दुसरं काही माहीतच नव्हतं.

निवडून कशी आले तेही सांगायला हवं, कारण त्यात माझं कर्तृत्व शून्य. केटल फोर्ड हे आमचं गाव अमेरिकेच्या मधोमध, मक्याच्या शेतांत बसलेलं. आमचे हे, दिगंबर निगुडकर, गुरांचे डॉक्टर म्हणून देशातून आले आणि तिथे डुकरांचे डॉक्टर झाले. शाकाहारी माणसाने उभा जन्म डुकरांना इंजेक्शनं टोचण्यात घालवला, त्यावर बायकोने काय बोलावं! गावाचे पाच वॉर्ड, पाच नगरसेवक. आमचा वॉर्ड तिसरा. त्या वर्षी तिसऱ्या वॉर्डातून कुणी उभंच राहिलं नव्हतं. मतपत्रिकेवर उमेदवाराच्या जागी नुसती रिकामी ओळ. तिथे अशी रीत आहे, की त्या ओळीवर मतदाराने वाटेल ते नाव लिहावं. मला त्या दिवशी ताप होता, मी गेलेच नाही. ह्यांनी जाऊन माझं नाव लिहिलं. का, तर घरात हुकूम माझाच चालतो म्हणून! शेजारच्या इंगाबाईंना हसत हसत सांगितलं, तर त्यांनीही तेच लिहिलं, आणि त्यांच्या भावालाही लिहायला लावलं. तीन मतं. दुसऱ्या कुणाला दोनसुद्धा नाहीत. नगरपालिकेच्या क्लार्कबाईंचा अभिनंदनाचा फोन आला तेव्हा मला वाटलं, कुणीतरी टवाळी करतंय.

"हसताय काय? आता निस्तरा," मी ह्यांना म्हटलं.

"मी काय निस्तरू? नगरसेवकाची लेक तू. मी फक्त गाडी चालवीन."

क्लार्कबाईंना मी विचारलं होतं, माझ्या वॉर्डात माणसं किती. त्या म्हणाल्या, चौदाशेच्या आसपास. अहो, आमची एवढीशी गल्ली, एक पेट्रोलपंप, वीसेक घरं, तिथे चौदाशे माणसं कुठून आली? "तुरुंग धरून," त्या म्हणाल्या. "जनगणनेत माणूस जिथे झोपतो तिथला धरतात. तुरुंगातले तेराशेवर लोक तुमच्याच वॉर्डातले." फोन ठेवल्यावर मी कढईत दुधाची पावडर आणि साखर घेऊन पेढे करायला बसले.

तर पहारेकरी मला सांगत होता, की बाहेरचं खाणं आत चालत नाही आणि कैद्याने स्वतः नाव दिल्याशिवाय भेटही मिळत नाही. तेवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला.

"काय म्हणालीस तू? कुणाची कोण?"

सत्तरी ओलांडलेली काळी बाई होती. निळा कोट, गोल टोपी, गुडघ्यांवर दोन्ही हात दाबून बसलेली. शनिवारची भेटीची वेळ होती. मोठ्या शहराकडून पाच तासांचा प्रवास करून महिन्यातून एकदा एक बस यायची, त्या बसमधल्या बायका तिथे आपापला नंबर लागायची वाट बघत होत्या. मी परत सगळं सांगितलं. बाई आधी हसली, मग हसायची थांबली.

"म्हणजे माझ्या कॉर्नेलची तू नगरसेविका?"

"आत असेल तर माझाच."

"एकोणीस वर्षं आहे माझा पोरगा आत. आपल्याला एक नगरसेविका असते, हे त्याला कुणी सांगितलंच नाही." तिने डबा माझ्या हातातून घेतला, झाकण उघडून वास घेतला. "आत नाही तर नाही. बसमध्ये वाटते. आया-बायका तुझ्या वॉर्डातच धरायच्या की नाही?"

तिचं नाव अर्नेस्टीन पेटवे. तिच्याशी माझी ओळख झाली ती अशी.

बस थांबायची ती आमच्या घरासमोरच्या पेट्रोलपंपावर. तिथून तुरुंगाचं फाटक चालत पाच मिनिटांवर. इतकी वर्षं त्या बायका माझ्या खिडकीतून मला दिसत होत्या, आणि खरं सांगते, मी कधी पडदा सरकवून नीट बघितलंही नव्हतं. त्या महिन्यापासून मी दार उघडं ठेवायला लागले. कुणाला बाथरूम हवं असायचं, कुणाच्या बाळाला दूध गरम करून हवं असायचं. मी आल्याचा चहा उकळायची. अर्नेस्टीन पहिल्यांदा तोंड वाकडं करून म्हणाली, "हे औषध आहे का?" पुढच्या खेपेला तीच सगळ्यांना वाटत होती.

फेब्रुवारीत बसचा विषय नगरपालिकेत आला. आणला तो ग्लेनने. ग्लेनचं गावात लोखंडी सामानाचं दुकान. तो दुसऱ्या वॉर्डाचा नगरसेवक, बोलायला गोड, पण त्याच्या मनात आलं की ते होणार, अशी त्याची ख्याती. त्याचं म्हणणं असं, की बस गावात शिरल्याने गावाची शोभा जाते. तिने हमरस्त्याच्या फाट्यावर थांबावं. फाटा अकरा मैलांवर. तिथून पुढे ना बस, ना टॅक्सी.

"तिथून बायकांनी यायचं कसं?" मी विचारलं.

"तो बस कंपनीचा प्रश्न आहे, शरयू."

"म्हणजे येऊ नये, असंच ना?"

"मी तसं म्हणालो नाही." तो हसला. "आणि तू इतकी का तापतेस? तुझ्या वॉर्डातल्या एकाही मतदाराची तक्रार नाही."

"माझ्या वॉर्डात चौदाशे माणसं आहेत. त्यातल्या तेराशेंच्या आया त्या बसने येतात."

"ते मतदार नाहीत."

"मतदार नाहीत, मग मोजता कशाला?"

महापौर चष्मा पुसत बसले. त्यांना तिथे मत नसतं, ते फक्त सभा चालवतात. मत घेतलं तेव्हा ग्लेन आणि आणखी एक जण बस घालवायच्या बाजूने. रूथ ॲबट म्हणून निवृत्त शाळामास्तरीण होत्या, त्या आणि आणखी एक जण विरुद्ध. राहिले मी. माझ्या एका मतावर बस वाचली. त्या शनिवारी अर्नेस्टीनने मला इतकं घट्ट आवळलं की माझी पाठ दोन दिवस दुखत होती. अण्णा त्या वेळी हयात नव्हते, पण मनातल्या मनात मी त्यांना सगळं सांगितलं. फुगले होते हो मी, कशाला खोटं बोलू?

एप्रिलमध्ये रूथबाई माझ्या घरी आल्या. स्वयंपाकघरात बसल्या, चहाला नको म्हणाल्या. ह्या बाईला मी फार मानायची. गावातली निम्मी माणसं तिच्या हाताखाली शिकलेली, आणि खोटं म्हणून तिला बोलता यायचं नाही.

"शरयू, नव्या जनगणनेचे आकडे आलेत. वॉर्ड नव्याने आखायचेत," त्या म्हणाल्या. "मी ठराव आणतेय, की आखताना तुरुंगातली माणसं धरू नयेत. इतरांकडून ऐकण्याआधी तू माझ्या तोंडून ऐकावंस म्हणून आले."

"धरली नाहीत तर माझा वॉर्ड?"

"राहणार नाही. तुमची गल्ली ग्लेनच्या वॉर्डात जाईल. नवा वॉर्ड नदीपलीकडच्या नव्या घरांचा होईल."

नदीपलीकडे सगळे ग्लेनचे लोक. म्हणजे बस गेलीच.

"तुम्ही तर बसच्या बाजूने होतात," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता.

"आजही आहे. पण तूच सांग. माझ्या वॉर्डात चौदाशे माणसं चालती-फिरती आहेत. त्यांची शाळा, त्यांचे रस्ते, त्यांची गटारं. त्यांना मिळून एक मत. तुमच्या गल्लीत पन्नासही नाहीत, त्यांनाही एक मत. तू तीन मतांवर आलीस. तू चांगली निघालीस हे आमचं नशीब. हे बरोबर आहे का?"

बरोबर नव्हतंच. पहिल्या दिवसापासून ते मला कळत होतं.

"तुमच्याकडे मतं किती?" मी शेवटी विचारलं.

"मी आणि ग्लेन. त्याचं कारण वेगळं, ते तुलाही ठाऊक आहे. बाकी दोघांचे वॉर्ड मोडतील म्हणून ते विरुद्ध. म्हणजे परत तूच." त्या उठल्या. दाराशी थांबून म्हणाल्या, "मला तुझा राग येणार नाही, काहीही कर."

त्या गेल्या आणि मी ह्यांच्यावर डाफरले. बिचारे नुकतेच कुठल्याशा फार्मवरून दमून आले होते.

"कशाला लिहिलंत माझं नाव? गंमत वाटली तुम्हाला!"

"शरू, तुझे अण्णा अशा वेळी काय करायचे?"

"वॉर्डात जाऊन विचारायचे. मोठं मत द्यायचं असलं की पारावर बसून विचारायचे."

"मग विचार की!"

कॉर्नेलने त्याच्या भेटीच्या यादीत माझं नाव घातलं, त्यात मे उजाडला. भेटीच्या खोलीत जमिनीला ठोकलेली टेबलं होती. एका बाजूला तो, समोर अर्नेस्टीन आणि मी. उंच, किडकिडीत माणूस, अडतीस वर्षांचा, आणि कानशिलांवर केस पिकलेले. भेटताना एकदा आणि निघताना एकदा हात लावायची परवानगी. मधे हात टेबलावर, सगळ्यांना दिसतील असे.

मी त्याला सगळं सांगितलं. खुर्ची धरून ठेवली तर बस राहते. खुर्ची सोडली तर जे खरं तर व्हायला हवं ते होतं, पण बस जाते.

त्याने आधी आईकडे पाहिलं. मग म्हणाला, "मॅम, एकोणीस वर्षांत मला कुणी काही विचारलेलं नाही. काय खाणार, कुठे झोपणार, काही नाही. आणि तुम्ही एकदम हेच विचारता."

"दुसऱ्या कुणाला विचारू? वॉर्ड तुमचा आहे."

"आधी एक ऐका. मी दुकान लुटायला गेलो होतो आणि दुकानदाराला गोळी घातली. मीच. कोर्टाने चूक केली नाही. हे माहीत असू दे, मग विचारा."

"कॉर्नेल," अर्नेस्टीन म्हणाली.

"राहू दे, मम्मा. त्यांना माहीत हवं." तो माझ्याकडे वळला. "इथून आम्हाला वगळलं, की मग आम्ही कुठे धरले जाणार? आईच्या पत्त्यावर?"

"नाही. ते आमच्या गावाच्या हातात नाही."

"म्हणजे कुठेच नाही."

"कुठेच नाही," मी म्हटलं.

"बघ!" अर्नेस्टीन म्हणाली. "मग कशाला वगळायचं? निदान इथे एक विचारणारी तरी आहे."

"आज आहे, मम्मा. उद्या दुसऱ्या कुणाला तीन मतं मिळतील. त्या ग्लेनच्या मेव्हण्याला मिळतील. तोही आमच्याच डोक्यांवर बसेल, आणि आमचीच डोकी मोजून तुझी बस घालवेल."

"उद्याचं उद्या. मला आज यायचंय तुला बघायला. ह्या वयात मला किती महिने उरलेत, ठाऊक आहे तुला?"

तो तिच्याकडे बघत राहिला. त्याचे टेबलावरचे हात थोडे पुढे सरकले, आणि पहारेकऱ्याने मान वळवताच थांबले.

"मी माणूस मारला, त्याची शिक्षा भोगतोय," तो मला म्हणाला. "मी मरेपर्यंत भोगेन. पण माझ्या डोक्याची खुर्ची करून कुणी तिच्यावर बसावं, ही शिक्षा मला कोर्टाने दिलेली नाही. तुम्ही चांगल्या आहात मॅम, पण बसला आहात तुम्हीसुद्धा."

"काय करू मग?"

"उठा."

अर्नेस्टीन टेबलाला धरून उभी राहिली आणि फाटकाकडे चालू लागली. निघताना त्याला हात लावायचा तोही लावला नाही.

ती परतीच्या बसमध्ये चढलीच नाही. सोमवारी सभा होती, तिला तिथे बोलायचं होतं. दोन रात्री ती आमच्या पाहुण्यांच्या खोलीत राहिली. ह्यांच्याशी छान बोलायची, डुकरांच्या गोष्टी विचारायची. वरणभात तिने दोनदा वाढून घेतला. मी खोलीत आले की गप्प व्हायची. मला ते फार लागलं. पण तिने काय करावं? एकुलता एक मुलगा, आणि त्याच्यापर्यंत जायची एकच वाट.

सोमवारी संध्याकाळी ती सभेत निळा कोट घालून पहिल्या रांगेत बसली. ठराव वाचून झाल्यावर ती हात वर करून उभी राहिली.

"बाई, तुम्ही ह्या गावच्या रहिवासी आहात का?" महापौरांनी विचारलं. माणूस वाईट नव्हता. नियम तसाच होता, रहिवाशांनाच बोलता येई.

"मी नाही. माझा मुलगा आहे. एकोणीस वर्षं. तुमच्याच आकड्यांत आहे."

"मग त्याने येऊन बोलायला हवं."

बोलून गेल्यावर त्यांचं त्यांनाच कळलं, आपण काय बोललो ते. ते लालबुंद झाले. अर्नेस्टीन हळूहळू खाली बसली.

"मी बोलते त्याच्या वतीने," मी म्हटलं. "मला अधिकार आहे."

मग खुर्चीचं त्याचं वाक्य मी जसंच्या तसं सांगितलं. त्याची आई समोर बसली आहे आणि तिचं म्हणणं उलट आहे, तेही सांगितलं. हा ठराव झाला की हिची बस तुम्ही घालवणार, हेही सांगितलं. ग्लेन टेबलावरच्या पेन्सिलीशी चाळा करत होता. त्याने वर पाहिलं नाही.

क्लार्कबाई एकेक वॉर्ड पुकारत गेल्या. पहिला, नाही. दुसरा, हो. "तिसरा वॉर्ड?"

मला अर्नेस्टीनकडे बघायचं नव्हतं, तरी बघितलं. ती माझ्याकडे बघतच होती, डोळे न मिटता.

"हो," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यांनी तिला नेऊन शहराच्या गाडीत बसवून दिलं. मी चहा केला होता. तिने घेतला नाही.

पुढचं एकदा सांगून टाकते. नव्या वॉर्डांची निवडणूक झाली आणि नव्या वर्षात बस गेलीच. इंगाबाई आणि मी फाट्यावर गाड्या घेऊन जायचो, हेही औषधांचा वास मारणारी त्यांची व्हॅन घेऊन यायचे. पण भरलेल्या बसला तीन गाड्या कशा पुरणार? बायका कमी होत गेल्या. अर्नेस्टीन त्या उन्हाळ्यापर्यंत आली, मग तिच्या गुडघ्यांनी हात टेकले. कॉर्नेल अजून आत आहे. मी त्याला पत्र लिहिते, पण आता मलाही गाडी चालवता येत नाही.

पण मला सांगायचं आहे ते त्या सभेनंतरच्या जूनमधल्या शनिवारचं. बस तेव्हा अजून येत होती. अण्णा मत देऊन आले की परत पारावर जायचे आणि काय केलं ते सांगायचे. म्हणून मी गेले. खरं तर पाय उचलत नव्हते. टेबलाशी अर्नेस्टीन आधीच येऊन बसली होती. माझ्याकडे न बघता तिने बाजूला सरकून जागा केली, तेवढंच.

कॉर्नेल आला, बसला, हात टेबलावर ठेवले.

"झालं का?" त्याने विचारलं.

"झालं. ठराव झाला. माझ्या मताने झाला."

"माझी बस घालवली हिने," अर्नेस्टीन भिंतीकडे बघत म्हणाली.

"मी घालवली, मम्मा. तिने नाही." मग तो माझ्याकडे वळला आणि एकदम अडखळायला लागला. इतका ठाम बोलणारा माणूस, त्याला शब्द सापडेनात. "मॅम, एक विचारू? तिथे ते नाव पुकारतात ना, मग तुम्ही हो म्हणालात. ते... ते तुम्ही म्हणालात की मी?"

"मी तुम्हाला विचारलं होतं. तुम्ही सांगितलं तेच मी म्हटलं."

"म्हणजे ते माझं मत झालं?"

"तुमचंच."

"मी एकोणिसाव्या वर्षी आत आलो," तो म्हणाला. "त्याआधी कधी दिलं नव्हतं. वाटायचं, देऊ पुढे कधीतरी." त्याने मान खाली घातली आणि त्याचे खांदे हलायला लागले. मलाही रडू आवरेना, पण मांडीवरचा पदर डोळ्यांना लावायचा तर हात टेबलाखाली जाईल म्हणून मी तशीच बसून राहिले.

अर्नेस्टीन त्याच्याकडे बघत होती. मग माझ्याशी बोलायला लागली, महिन्याभराने पहिल्यांदा.

"आम्ही मिसिसिपीचे," ती म्हणाली. "तिकडे आमच्या माणसाने मत द्यायचं नाव काढलं की रात्री घर जळायचं. आम्हाला मत देता यावं म्हणून कायदा झाला तेव्हा हा एक वर्षाचा होता. मतदार म्हणून नाव नोंदवायला ह्याचा बाप रूबेन पहाटे उठला, दाढी केली, चर्चला जायचा कोट घातला. ऑगस्टातला उकाडा! मी म्हटलं, अरे बाबा, गळ्याचं बटण तरी उघड, घेरी येऊन पडशील. तर म्हणाला, आज नाही."

मग ती दोन्ही तळहात टेबलावर दाबून, कण्हत उभी राहिली. निघायची वेळ झाली नव्हती. भिंतीशी उभ्या पहारेकऱ्याने बोलायला तोंड उघडलं, तिच्याकडे पाहिलं आणि खिडकीकडे तोंड फिरवलं.

"वर बघ," ती कॉर्नेलला म्हणाली.

त्याने ओलं तोंड वर केलं. ती टेबलावरून वाकली आणि त्याच्या तुरुंगाच्या सदऱ्याचं गळ्याजवळचं उघडं बटण बोटांनी लावू लागली. बोटांना ते चटकन सापडेना. तो हलला नाही. बटण लागल्यावर तिने त्याची कॉलर दोन्ही बाजूंनी नीट बसवली आणि मगच ती खाली बसली.